सिकलसेलचं दुखणं उठलं की: पहिल्या तासापासून वॉर्डापर्यंत

एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचा दोष आलेल्या मुलाचं दुखणं बाहेरून दिसत नाही. जखम नाही, बहुतेक वेळा सूजही नाही, एक्स-रे साफ, हिमोग्लोबिन नेहमीइतकंच. मग घरात "शाळेचा कंटाळा आला असेल" आणि दवाखान्यात "एवढं काही झालेलं नाही" असं बोललं जातं. हे दुखणं मोजणारी रक्ततपासणी नाही. मूल सांगतं तेच त्याचं माप. चार वर्षांचं पोर मांडी धरून बसलं आणि "हाड दुखतंय" म्हणालं, तर हाडच दुखतंय असं धरून पुढचं करायचं.

आत काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे औषधांच्या वेळांचं गणित सोपं जाईल. ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी आटलं, थंडी लागली किंवा ताप आला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा भाग ऑक्सिजनविना राहतो. बहुतेक वेळा हा भाग हाडातल्या मज्जेचा असतो. मज्जेचा तुकडा मरतो, भोवती दाह सुरू होतो आणि ठणका लागतो. हा प्रकार साधारण तीन ते सात दिवस चालतो. वेदनाशामक औषध अडकलेल्या पेशी मोकळ्या करत नाही. ते फक्त तेवढे दिवस मुलाला दुखू देत नाही. म्हणूनच मूल रडलं की औषध द्यायचं आणि गप्प बसलं की थांबवायचं, ही पद्धत या आजारात चालत नाही. औषध घड्याळाकडे बघून द्यायचं.

सहा महिन्यांपुढच्या तान्ह्या बाळात पहिलं दुखणं बहुधा हातापायांच्या पंजांत येतं. दोन्ही पंजे फुगतात आणि बाळ हात लावू देत नाही. मुका मार लागला असेल किंवा काही चावलं असेल असं समजून लेप लावण्यात दिवस जातात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यातल्या बाळाचे दोन्ही पंजे सुजले, तर आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी फक्त "आहे किंवा नाही" एवढंच सांगते. एएस की एसएस हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंतरच कळतं. तान्ह्या बाळात सोल्युबिलिटी फसवीही निघू शकते, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. एएस म्हणजे वाहक, दोष एकाच बाजूने आलेला. वाहक मुलाची हाडं वारंवार दुखत असतील तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

घरातली पिशवी

दुखणं बहुधा रात्री उठतं आणि तेव्हा मेडिकल बंद असतं. म्हणून एक पिशवी कायम भरलेली ठेवा. तिच्यात पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, मिलीच्या खुणा असलेली सुई नसलेली सिरिंज, डिजिटल थर्मामीटर, ओआरएसची पाच-सहा पाकिटं, गरम पाण्याची पिशवी, वही-पेन आणि एका कागदावर मुलाची सगळी माहिती हवी. परवडत असेल तर बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही ठेवा.

त्या कागदाला औषधाइतकंच महत्त्व आहे. त्यावर मुलाचं वजन आणि ते कोणत्या तारखेला घेतलं, निदान (एसएस की सिकल-बीटा थॅलेसेमिया, म्हणजे एका बाजूने सिकलसेल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमियाचा दोष), रक्तगट, मूल बरं असतानाचं हिमोग्लोबिन, बरं असतानाचा ऑक्सिजनचा आकडा, प्लीहा (पोटात डाव्या बाजूला असलेला, जंतूंशी लढणारा अवयव) बरगडीखाली किती बोटं लागते, हायड्रॉक्सियुरियाचा (दुखणं कमी वेळा उठावं म्हणून रोज घ्यायच्या औषधाचा) डोस, आधी रक्त चढवलं असेल तर कधी, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि मागच्या वेळी कशाने आराम पडला, एवढं लिहा. हिमोग्लोबिन 7.5 दिसलं की नवा डॉक्टर घाबरून रक्त मागवतो. याच मुलाचं ते वर्षभर 7.5 असतं हे कागदावर दिसलं तर विनाकारण रक्त चढत नाही. साध्या दुखण्यावर रक्त हा इलाज नाही. प्रत्येक बाटलीबरोबर शरीरात लोह साठतं, आणि पुढे जुळणारं रक्त मिळणं अवघड होत जातं.

दुखणं कसं मोजायचं

साधारण आठ वर्षांवरच्या मुलाला शून्य ते दहामधला आकडा विचारा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. चार ते सात वर्षांच्या मुलाला हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या सहा चेहऱ्यांचं चित्र दाखवा. त्याहून लहान किंवा बोलू न शकणाऱ्या मुलासाठी पाच गोष्टी बघा: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होतं का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण द्या. बेरीज दहापर्यंत जाते. दवाखान्यात हेच माप "फ्लॅक" नावाने वापरतात, त्यामुळे तुमचा आकडा तिथेही समजतो.

एक फसगत मात्र कायम लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं दुखणं सोसलेलं मूल आठचं दुखणं असतानाही मोबाइल बघत शांत पडून राहतं, गालातल्या गालात हसतंही. त्याने ते सोसण्याची स्वतःची रीत शोधलेली असते. त्याच्या चेहऱ्यावर जाऊ नका, आकडा विचारा आणि वहीत वेळेसह लिहा.

पहिला तास

पहिली सणक आली की लगेच सुरुवात करा. "बघू, सकाळपर्यंत थांबेल" म्हणून काढलेले चार तास पुढे दोन दिवस महाग पडतात, कारण वाढलेलं दुखणं खाली आणायला जास्त औषध लागतं.

सगळ्यात आधी ताप बघा, कारण औषध दिल्यावर तो लपतो. ताप 101 फॅरनहाइट किंवा वर असेल तर पुढचं घरी करत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा. ताप नसेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या: किलोमागे 15 मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. 20 किलोच्या मुलाला 300 मिलिग्रॅम लागतं. आता बाटलीचं लेबल वाचा. 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर 6 मिली, आणि 5 मिलीत 125 असेल तर 12 मिली. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स वेगळेच असतात, त्यांच्या एकाच मिलीत 100 मिलिग्रॅम असतं. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून चमच्याने पाजली तर औषध दुप्पट ते चौपट जातं. घरातला चमचा तर वापरूच नका, प्रत्येक घरचा चमचा वेगळा असतो.

दुखणं चारच्या वर असेल तर त्याच वेळी आयबुप्रोफेनही द्या: किलोमागे 10 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, काहीतरी खाऊन. 5 मिलीत 100 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर 20 किलोच्या मुलाला 10 मिली. ही दोन औषधं एकत्र देता येतात, एक दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. पण आयबुप्रोफेनला अटी आहेत. मुलाला उलट्या-जुलाब होत असतील, लघवी कमी होत असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, पोटात व्रण असेल किंवा डेंग्यूची शंका असेल तर ते देऊ नका. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, म्हणून हे औषध तुमच्या मुलाला चालेल का आणि सलग किती दिवस, हे बरं असतानाच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते, तर मिश्र सिरपमध्ये. बाजारात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं सिरप सर्रास मिळतं, 5 मिलीत 100 आणि 162.5 मिलिग्रॅम. घरातले त्यावर पुन्हा साधं पॅरासिटामॉल देतात, शिवाय सर्दीच्या सिरपमध्येही तेच असतं. दोन-तीन दिवस असं चाललं तर यकृताला इजा होते. एक तर मिश्र सिरप तरी ठेवा, नाहीतर दोन वेगळ्या बाटल्या. आमचं मत वेगळ्या बाटल्यांकडे झुकतं, कारण दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत.

निमेसुलाइड 12 वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात 2011पासून बंद आहे. तरी मोठ्यांची गोळी अर्धी करून देणारे आहेत. ते करू नका. ॲस्पिरिनही नको. कोडीन 12 वर्षांखाली देत नाहीत, कारण काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार वेगाने होतं आणि श्वास मंदावतो, तर काहींत ते होतच नाही आणि दुखणं तसंच राहतं.

औषध पोटात गेलं की पाणी सुरू करा. एरवी दिवसभरात 10 किलोच्या मुलाला सुमारे एक लिटर आणि 20 किलोच्याला दीड लिटर द्रव लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात याहून जास्त. दुखण्यात मूल गटागट पीत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी दोन-चार घोट द्या. पाणी, ओआरएस, ताक, वरणाचं पाणी, पेज, काहीही चालेल. फ्रीजमधलं थंडगार नको.

मग शेक. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून 15-20 मिनिटं ठेवा, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. बर्फ मात्र कधीही नाही. खेळताना पाय मुरगळला की बर्फ लावायची सवय असते, इथे थंडीने वाहिन्या आणखी आकसतात आणि दुखणं वाढतं. कोमट तेलाने हलक्या हाताने चोळलं तर मुलाला बरं वाटतं. जोरात रगडणं, दुखरा पाय घट्ट बांधणं किंवा ओढणं टाळा. पायाखाली उशी द्या.

लक्ष दुसरीकडे वळवणं हेही उपचाराचाच भाग आहे, पण ते औषधाच्या जोडीला. औषधाऐवजी नाही. गोष्ट, कोडी, मोबाइलवरचं कार्टून, साबणाचे फुगे. यात फुगे खास उपयोगाचे आहेत. छातीत किंवा पाठीत दुखत असलं की मूल वरवर श्वास घेतं, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि तिथेच पुढची मोठी गुंतागुंत सुरू होते. जागं असताना दर दोन तासांनी दहा खोल श्वास घ्यायला लावा, किंवा फुगा फुगवू द्या.

तासाभराने पुन्हा आकडा विचारा. दोनने तरी उतरला असेल तर त्याच वेळापत्रकाने चालू ठेवा, रात्री मुलाला उठवूनसुद्धा. प्रत्येक डोसआधी थर्मामीटर लावा. चोवीस तास चाललेल्या पॅरासिटामॉलखाली ताप दडून बसतो, आणि सिकलसेलच्या मुलात ताप म्हणजे रक्तात जंतू पसरल्याची शक्यता. त्याची प्लीहा पहिल्या काही वर्षांतच निकामी होऊ लागलेली असते.

काय करू नये

गावातल्या बिगरपदवीच्या डॉक्टरकडे कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, जोडीला स्टिरॉइड आणि एक सलाइन, असा ठरलेला बेत असतो. स्टिरॉइडने एक दिवस आराम वाटतो आणि ते उतरलं की दुखणं दुप्पट परतू शकतं. सलाइन दिसायला निरुपद्रवी, पण तोंडाने नीट पिणाऱ्या मुलाला वर दोन बाटल्या चढवल्या तर ते पाणी फुप्फुसात साठू शकतं. मेळघाटासारख्या भागात पोटदुखीवर डम्मा देतात, म्हणजे तापवलेल्या विळ्याने पोटावर चटके. त्याने भाजलेल्या जागेतून जंतू आत जातात आणि जंतूंशी लढायला या मुलाकडे धड काम करणारी प्लीहा नसते. भगत-वैदूवर घरच्यांची श्रद्धा असेल तर भांडण काढू नका. पूजा होऊ द्या, औषधाची वेळ चुकू देऊ नका आणि चटके मात्र होऊ देऊ नका.

कधी निघायचं

औषधाचे दोन डोस होऊनही आकडा सातच्या खाली येत नसेल, किंवा मूल पाणीच घेत नसेल, वारंवार उलट्या करत असेल, तर निघा. खालचं काहीही दिसलं तर डोसाचीही वाट बघू नका:

101 किंवा वर ताप. छातीत दुखणं, खोकला, धाप. वर्षाखालचं बाळ मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं मूल 40 किंवा जास्त, त्यावरचं मूल 30पेक्षा जास्त श्वास घेत असेल. ऑक्सिजन 95च्या खाली, किंवा नेहमीच्या आकड्यापेक्षा तीनने कमी (बोट गार असेल किंवा नखाला मेंदी-नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट बघा). अचानक पांढरं पडणं आणि पोट डाव्या बाजूला फुगणं. प्लीहेत रक्त अडकलं तर काही तासांत जीव जाऊ शकतो. तोंड वाकडं, एका हातात जोर नाही, बोबडं बोलणं, फिट, कधी नव्हे अशी डोकेदुखी. मुलग्याचं लिंग दोन तासांहून जास्त वेळ ताठ आणि दुखरं राहणं. मुलगे हे लाजेने सांगत नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवा. एकाच हाडावर सूज, लाली आणि ताप. ते हाडातलं इन्फेक्शन असू शकतं.

108 नंबरची रुग्णवाहिका फुकट आहे. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून थंडी-वाऱ्यातून न्यावंच लागलं तर मुलाला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळा.

प्लीहा बघायला प्रत्येक आईबापाने शिकावं. मूल पाठीवर झोपवून, गुडघे दुमडून, डाव्या बरगडीखाली बोटं ठेवायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून हात धरून शिकून घ्या आणि महिन्यातून एकदा बघा.

रुग्णालयात

पोचल्यावर कागद पुढे करा आणि एक वाक्य स्पष्ट म्हणा: "सिकलसेल एसएस आहे, दुखणं आठ आहे, घरी अमुक वाजता अमुक औषध दिलंय." जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांचा गाभा हा की पोचल्यापासून तासाभरात पहिलं वेदनाशामक मिळावं आणि पुढे दर 30 ते 60 मिनिटांनी दुखणं पुन्हा मोजावं. आकडा उतरला नसेल तर पुन्हा सांगा. गप्प बसलेल्याचं आपोआप बरं धरलं जातं.

तीव्र दुखण्यावरचं खरं औषध म्हणजे मॉर्फिन. शिरेतून किलोमागे साधारण 0.05 ते 0.1 मिलिग्रॅमने सुरुवात होते. तोंडाने द्यायचं तर एक वर्षावरच्या मुलाला किलोमागे 0.2 मिलिग्रॅमपासून, दर चार तासांनी, आणि सुरुवातीचा डोस 5 मिलिग्रॅमच्या वर नाही. हे सगळं डॉक्टरांच्या हातातलं आहे. इथे सांगायचं कारण एवढंच की "मुलांना मॉर्फिन देतच नाहीत" असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. स्नायूतली इंजेक्शनं टाळायला सांगा, कारण ती स्वतःच दुखतात आणि औषध किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. पेथिडिन हे दुसरं वेदनाशामकही नको, वारंवार दिल्यास त्याने फिट येऊ शकते. ऑक्सिजन कमी असेल तरच नळी लावावी लागते.

मॉर्फिन प्रत्येक ठिकाणी नसतं. 2014मध्ये अंमली पदार्थ कायद्यात बदल होऊन ते ठेवणं सोपं झालं, तरी मान्यता घेतलेलीच रुग्णालयं ते ठेवतात. जवळच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांपैकी कुठे मिळतं हे मूल बरं असतानाच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता चुकीच्या दारात उभं राहण्यापेक्षा हे बरं.

"सवय लागेल" ही भीती आईवडिलांइतकीच नर्स-डॉक्टरांनाही असते. दुखण्यासाठी थोडे दिवस दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं मुलांमध्ये फार क्वचित घडतं. मूल घड्याळ बघून पुढचा डोस मागत असेल तर बहुधा डोस कमी पडतोय. खरे त्रास वेगळेच आहेत. बद्धकोष्ठ जवळजवळ सगळ्यांना होतं, म्हणून रेचक पहिल्याच दिवसापासून मागून घ्या. खाज आणि मळमळ होते, त्यावर औषध आहे. खरा धोका श्वास मंदावण्याचा. दोन रात्री जागलेलं मूल दुखणं थांबल्यावर गाढ झोपतं, ते ठीक. पण हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नसेल किंवा श्वास मध्येच थांबत असेल तर लगेच नर्सला बोलवा. नॅलोक्सोन हा त्यावरचा उतारा आहे.

सुई टोचायच्या आधी हात कोमट पाण्याने शेकला तर शीर लवकर सापडते. घाई नसेल तेव्हा बधिर करणारं मलम तासभर आधी लावून घ्या. ज्या मुलाला वर्षात चार-पाच वेळा टोचायचं आहे, त्याच्यासाठी हा तास वाया जात नाही.

घरी आल्यावर

घरी येताच औषध बंद केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखाना, हे फार वेळा होतं. आणखी एक-दोन दिवस वेळापत्रक तसंच ठेवा. मग आयबुप्रोफेन आधी थांबवा, नंतर पॅरासिटामॉल. मॉर्फिन पाच-सात दिवसांहून जास्त चाललं असेल तर ते एकदम तोडायचं नसतं. डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करून देतील, ते लिहून घ्या. घरात मॉर्फिन असेल तर कुलपात ठेवा, धाकट्या भावंडांच्या हाताला लागू देऊ नका.

दुखणं गेलं तरी मूल लंगडतच असेल, किंवा कमरेत-जांघेत आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर तो सिकलसेलच्या दुखण्याचा झटका नाही. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआय लागतो.

झटके कमी करणारं औषध हायड्रॉक्सियुरिया. डोस रोज किलोमागे 10 ते 20 मिलिग्रॅमच्या आसपास, रक्तपेशींचे आकडे बघून. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून "महिना झाला, काही फरक नाही" म्हणून सोडू नका. दुखण्यात जास्तीची कॅप्सूल देऊनही उपयोग नाही. सुरुवातीला साधारण महिन्याला आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासणं चुकवू नका, पांढऱ्या पेशी घसरू शकतात. गरोदर बाईने ती कॅप्सूल उघडू नये.

शाळेला चिठ्ठी द्या आणि तिच्यात नेमकं लिहा: पाण्याची बाटली बाकावर राहू द्यावी, लघवीला कधीही सोडावं (या मुलांची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून ती वारंवार जातात आणि रात्री अंथरूणही ओलं करतात), थंडीच्या सकाळी स्वेटरशिवाय कवायत नको, पावसात भिजलं तर कपडे बदलू द्यावेत, खेळू द्यावं, पण दमल्यावर बसू द्यावं, शिक्षा म्हणून उन्हात उभं करू नये, दुखतंय म्हणालं तर अमुक नंबरवर फोन करावा. चिठ्ठीच्या दोन प्रती करा, एक वर्गशिक्षकांकडे आणि एक मुख्याध्यापकांकडे. आश्रमशाळेत मूल राहत असेल तर तिसरी अधीक्षकांकडे, औषधाच्या पिशवीसकट.